जिन्यातलं गाणं

भाचीने सिनेमा काढला आणि सगळ्यात आधी मामाला मामा बनवलं.

सिनेमा म्हणजे अगदी घरचा कारभार. कॅमेरा मित्राचा, दिवे लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाचे, तेही त्याच्याकडे लग्न नसेल त्या दिवशी. नायक दातांच्या दवाखान्यात बाहेर बसून रुग्णांची नावं पुकारायचा आणि नायिका शाळेत भूगोल शिकवायची. भाची स्वतः चष्म्याच्या दुकानात नोकरीला. सुट्टीच्या दिवशी ही सगळी वरात कुणाच्या तरी घरी जाऊन धडकायची. नातेवाइकांपैकी ज्याच्याकडे जे होतं ते तिने उचललं: मावशीचा सोफा, आत्याचे पडदे, चुलतभावाची मोटारसायकल. मामाकडे लिफ्ट होती.

म्हणजे मामाच्या मालकीची नव्हे. मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या जुन्या लिफ्टपैकी निम्म्या त्याच्या हाताखालून गेलेल्या, आणि तो राहायचा त्या सात मजली इमारतीची जाळीच्या दाराची लिफ्टही त्याच्याच ताब्यात. नवे मेकॅनिक यंत्र लावून बिघाड शोधतात, मामा कानाने शोधायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि डावा हात वर करायचा. हात वर म्हणजे चूप. मग समोर सेक्रेटरी असो की खुद्द मालक, त्याने श्वाससुद्धा जपून घ्यायचा. हात खाली आला की मामा म्हणायचा, "खालचं बेअरिंग," आणि ते खालचंच बेअरिंग निघायचं.

हा हात घरीही वर व्हायचा. फ्रीज जरा वेगळा घरघरला, तळातल्या पंपाने सूर बदलला, की जेवता जेवता मामाचा डावा हात वर. मामी काही सांगत असली तर तिचं सांगणं तिथल्या तिथे थांबायचं. यात रागलोभ काही नव्हता, सवय होती. नात्यातल्या पोरांना ती नक्कल पाठ झाली होती आणि भाची तर त्यात पटाईत.

लोक लिफ्टमध्ये अडकले की मात्र मामाची तऱ्हा बरोबर उलटी. गच्चीवरच्या मशिनरूममध्ये जमिनीला भोकं असतात, त्यातून दोर खाली जातात. मामा त्या भोकाशी तोंड नेऊन ओरडायचा, "बोला! काहीही बोला, गाणं म्हणा!" आणि मग मोटरचं चाक हाताने फिरवत लिफ्ट मजल्याला आणायचा. आतला माणूस बोलता राहिला की घाबरत नाही, आणि वरच्यालाही कळतं की खाली सगळं ठीक आहे. कितीतरी परक्या माणसांनी मामाला अशी गाणी ऐकवली होती, बहुतेक बेसूर.

तर सिनेमातलं मुख्य गाणं भाचीला मामाच्या इमारतीच्या जिन्यात हवं होतं, कारण तिथे आवाज छान घुमतो. मोटरची घरघर मात्र नको होती. "मामा, लिफ्ट बंद कर आणि वर मशिनरूममध्येच बस. कुणी मध्येच चालू केली तर माझं गाणं गेलं. आणि दार लावून घे, वाऱ्याने आपटतं." मामा इमानदारीने दार लावून बसला, आणि थोड्या वेळाने तितक्याच इमानदारीने घोरू लागला. खाली काय रेकॉर्ड झालं त्याचा त्याला पत्ता नव्हता.

पुढे यथावकाश सिनेमा पडद्यावर आला. बाजारामागचं छोटं थिएटर, दुपारचा एकच खेळ, आणि तोही आठवडाभर. पहिल्या दिवशी सगळं गणगोत लोटलं. मामी तेवढी आली नाही. "डोकं चढलंय, तुम्ही जा," म्हणाली. मामाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

खरं सांगायचं तर सिनेमा डुगडुगत होता. नायकाचा शर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. आत्या तीन प्रसंगांत तीन वेगळ्या बायका झाली होती आणि तिन्ही बायकांचं कानातलं तेच होतं. गोष्टही साधी: ती चाव्या करून देणारी, तो घरोघर पार्सलं पोचवणारा. त्याचा कान असा तयार की दाराबाहेर उभं राहून आत कोण आहे ते ओळखावं. आणि अशी चाहूल घेताना तो डावा हात वर करायचा. ते पडद्यावर आलं तशी सगळी रांग वळून मामाकडे बघत खिदळली. मामाही हसला. आपण सिनेमात आलो याचा त्याला आनंदच झाला, उगाच खोटं कशाला बोला.

मग जिन्यातलं गाणं आलं.

नायिका कठड्याला टेकून उभी होती. ओठ भूगोलाच्या बाईंचे हलत होते, पण आवाज त्यांचा नव्हता. त्या आवाजाला वय होतं. थोडा खरखरीत, थोडा चेष्टेखोर, आणि ओळ संपता संपता एकदम एकटा पडणारा.

तू नसताना भिंती गाती, तू आल्यावर गप्प,
पाऊल वाजता दाराबाहेर गाणं होतं ठप्प.

त्या 'नसताना'मधल्या 'स'च्या मागे एक बारीक शीळ होती. मामीला शिवताना दोरा दाताने तोडायची खोड. त्यात तिच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला होता, आणि तेव्हापासून तिच्या प्रत्येक 'स'मधून अशीच शीळ निसटायची. मामाचा डावा हात आपसूक वर गेला. शेजारी मेव्हण्याच्या हातातला पुडा कुरकुरायचा थांबला. बेअरिंग ओळखायला जेवढा वेळ लागतो त्याच्याही आधी मामाने तो आवाज ओळखला होता.

आणि त्याला आनंद झाला नाही, भीती वाटली. इतकी वर्षं ज्या बाईबरोबर जेवलो, भांडलो, आजारपणं काढली, तिचा हा आवाज आपण आज, पैसे मोजून, अंधारात, मेव्हण्याशेजारी बसून पहिल्यांदा ऐकतोय? लग्नाआधी ती गायची असं सासूबाई कधीतरी म्हणाल्या होत्या. त्याला वाटलं होतं, ते तसंच राहून गेलं असेल, बऱ्याच गोष्टी राहून जातात.

शेवटी पडद्यावर आभाराची नावं सरकली. सोफ्याची मावशी होती, पडद्यांची आत्या होती, 'लिफ्ट बंद ठेवणारे मामा' होते. गाण्यापुढे लिहिलं होतं, 'गाणारीला नाव नको आहे.'

घरी आला तेव्हा मामी भाजी निवडत बसली होती. निवडलेली भाजीच पुन्हा निवडत होती.

"कसा होता?"

"बरा होता."

"गाणी?"

मामाच्या अगदी ओठाशी आलं होतं. पण त्याला वाटलं, तिची गोष्ट आहे, तिने सांगावी. ती सांगेपर्यंत काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "आवाज स्वच्छ आलाय."

"एवढंच?"

"मोटरची घरघर अजिबात नाही."

मामीने ताट उचललं आणि ती आत गेली. आता या माणसाला काय म्हणावं! पिकलेलं फळ हातात आलं आणि याने देठाची चौकशी केली. बरं, तेही त्याला त्याच क्षणी कळलं. पण तोंडातून सुटलेला शब्द आणि भोकातून खाली पडलेला नट, दोन्ही वर येत नाहीत हे मामाला धंद्यामुळे माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. चहाचा कप हातात घेऊन तो या खोलीतून त्या खोलीत जायचा, खिडकीशी उभा राहायचा, परत यायचा. मामी जवळून गेली की वाटायचं, आता विचारावं. ती बोलली की तो तिच्या 'स'वर कान लावायचा आणि ती काय बोलली तेच ऐकायचं राहून जायचं. ती म्हणायची, "लक्ष कुठाय?" आणि तो म्हणायचा, "काही नाही." लग्नाला इतकी वर्षं झालेल्या घरात 'काही नाही' म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक असतं.

त्या दुसऱ्याच दिवशी कापडाच्या एका मोठ्या दुकानात लिफ्ट कुरकुरत होती. मामाने स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले, हात वर केला. दुकान चूप. आणि मोटरच्या पोटातून त्याला 'नसताना' ऐकू आलं. "वरचं बेअरिंग," त्याने ठोकून दिलं. उघडून पाहिलं तर वरचं बेअरिंग ठणठणीत. मालक भला माणूस, म्हणाला, "होतं असं कधी कधी." ते मामाला शिवीपेक्षा जास्त लागलं. हत्यारं गोळा करून तो निघाला तो सरळ थिएटरवर.

तिकीट देणारी बाई तोंडाची तिखट होती. "काल आला होतात ना? नायिका आवडलेली दिसतेय."

"लिफ्टचं काम आहे," मामा म्हणाला.

"आमच्याकडे लिफ्ट नाही."

मामाने निमूटपणे तिकीट घेतलं. हॉलमध्ये तुरळक माणसं, त्यातलं एक जोडपं सिनेमा सोडून बाकी सगळं बघत होतं. मामा शेवटच्या रांगेत बसला. गाणं येईपर्यंत त्याने दोनदा जागा बदलली. गाणं आलं, त्याचा हात वर गेला. आज पुढचं कडवंही नीट कानावर पडलं.

ऐकत फिरतोस साऱ्या जगाचं, कान तुझा रे मोठा,
माझ्या वाट्याला येतो तेव्हा कसा पडावा तोटा?

हे शब्द कुणाचे? पडद्यावर ते पार्सलवाल्याला उद्देशून होते. पण पार्सलवाल्याचा हात कुणाच्या हातावरून उचललाय ते अख्ख्या नात्यागोत्याला माहीत होतं. गाणं संपताच मामा उठला आणि बाहेर आला. नायक-नायिकेचं पुढे काय होतं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. तो त्याच्या पुढच्या दिवशी गेला, आणि त्याच्याही. एकदा तर त्याच्या मनात पाल चुकचुकली, हे 'तू' म्हणजे भलताच कुणी नसेल ना? दातांच्या दवाखान्यातल्या त्या पोरापर्यंत संशय जाऊन पोचला. मग त्याचं त्यालाच हसू आलं, आणि हसू ओसरल्यावर पुन्हा तीच टोचणी. भलता कुणी असता तर सोपं झालं असतं. इथे तर दोषी सापडला होता, आणि तो शेवटच्या रांगेत बसला होता.

शेवटी न राहवून तो चष्म्याच्या दुकानात गेला. भाची एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्याची दांडी वाकवत होती. त्यांना वाटेला लावून तिने मामाकडे एक नजर टाकली आणि तिच्या सगळं लक्षात आलं.

"कळलं तुला," ती म्हणाली.

"कुणी गायलं ते कळलं. मला का नाही सांगितलं ते सांग."

"मामीने शपथ घातली होती." भाचीने आवाज उतरवला. "अरे, आमच्या बाईंना तो वरचा सूर लागेना. सगळे वैतागले. मामी पाणी घेऊन जिन्यात आली आणि म्हणाली, असं म्हणून बघ. आणि तिने म्हणून दाखवलं. मामा, कुणी हललं नाही रे. मग मीच म्हटलं, आता तूच गा. शब्दसुद्धा माझे बदलले तिने. म्हणाली, हे पुस्तकातलं वाटतंय, थांब."

"मला इतकी वर्षं माहीत नाही की ती गाते!"

"तुलाच तेवढं माहीत नाही. अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. दुपारी आवराआवर झाली की ती गाते. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर तेव्हा दार किलकिलं ठेवतात. लिफ्टची जाळी तुमच्या मजल्यावर सरकली की गाणं बंद. जाळी सरकली म्हणजे मामा आला."

मामा काउंटरला धरून उभा राहिला. दुकानातल्या आरशांत त्याला चार मामा दिसत होते आणि चौघांचीही तोंडं पाहण्यासारखी झाली होती.

"मी म्हटलं मामाला सांगू या," भाची पुढे म्हणाली. "तर म्हणाली, त्यांचा कान एवढा, ओळखू देत की. ओळखलं तर ठीक. नाही ओळखलं तर मग... नकोच."

"मी ओळखलं होतं! पहिल्या ओळीला!"

"मग सांगितलंस तिला?"

मामा काउंटरवरचा एक चष्मा उचलून बघू लागला.

"काय सांगितलंस?"

"आवाज स्वच्छ आलाय, म्हटलं."

भाचीने कपाळावर हात मारून घेतला. "मामा, आता तू काहीही सांगितलंस तरी तिला वाटणार, मी फोडलं."

हे खरं होतं आणि तेच आता मामाला खाऊ लागलं. जे त्याने कानाने कमावलं होतं त्याला साक्षीदार उरला नव्हता. मामीच्या लेखी तो नापास झालेला, आणि एकदा निकाल लागल्यावर उत्तर बरोबर होतं म्हणून ओरडण्यात काय अर्थ?

त्याने मग एक खटपट करून पाहिली. सिनेमातलं गाणं ऐकून परतल्यावर दुपारी लिफ्ट न घेता बूट हातात धरून तो जिन्याने चढू लागला. दुसऱ्या मजल्यापर्यंत वरून काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. एक सूर, फार बारीक. मामाने पाऊल आणखी हलकं टाकलं. तिसऱ्या मजल्यावर मास्तरांचं दार किलकिलं होतं, ते धाडकन उघडलं. "अरे मामा! आज जिन्याने? लिफ्ट बिघडली की काय?" मास्तरांनी वर्गाला ऐकू जावं अशा आवाजात आयुष्य काढलेलं. त्यांचा प्रश्न सातव्या मजल्यापर्यंत जाऊन परत आला. वर सगळं शांत झालं. मास्तरांनी मामाच्या हातातले बूट पाहिले, वर पाहिलं, आणि जीभ चावली. मामा उरलेले दोन मजले बूट घालून चढला. मामी दारात उभी होती. "घामाघूम झालात," एवढंच म्हणाली.

गुरुवार उजाडला. सिनेमाचा शेवटचा दिवस. आज मात्र मामा थिएटरकडे फिरकला नाही. पडद्यावरचं पुरे झालं, आता खरं ऐकायचं, असं त्याने ठरवलं होतं. दुपारी हातातलं काम उरकून तो इमारतीत आला, लिफ्टने थेट सातव्यावर गेला, म्हणजे घरच्या पाचव्या मजल्यावर जाळी सरकायला नको, आणि तिथून गच्चीवर. मशिनरूमचं दार शूटिंगच्या दिवशी त्याने लावून घेतलं होतं. आज सताड उघडं ठेवलं. जिन्यातला आवाज इथवर येतो, हे त्याला माहीत होतं. तो उंबऱ्यात बसला आणि कान खाली लावले.

काही नाही. मोटर चालू व्हायची, थांबायची. कुणी चढत होतं, कुणी उतरत होतं. मामा उठायचा, गच्चीवर फेरी मारायचा, पुन्हा बसायचा. ती गात असेल आणि या मेल्या मोटरमुळे आपल्याला ऐकू येत नसेल तर? जन्मभर ज्या घरघरीवर पोट भरलं तिचा त्याला पहिल्यांदा संताप आला. पुन्हा मोटर सुरू झाली, पुन्हा दोर हलायला लागले. मामा तिरमिरीत उठला आणि त्याने मेन स्विच खाली ओढला.

चालती लिफ्ट! नवशिक्यालाही पहिल्या दिवशी शिकवतात की आधी मोटर थांबू द्यावी, लिफ्ट रिकामी आहे का पाहावं, मग स्विचला हात लावावा. मामाने स्वतः कितीतरी पोरांना यावरून फैलावर घेतलं होतं. त्याच्या हातून हे आयुष्यात घडलं नव्हतं. ब्रेक खाडकन बसला आणि खालून घंटा वाजायला लागली.

मामाने दोरांच्या भोकाशी गुडघे टेकले. "घाबरू नका! आहे मी वर! बोला, काहीही बोला!"

घंटा थांबली. "अहो, मी आहे," खालून मामीचा आवाज आला. "मला 'बोला' काय म्हणताय?"

मामा भोकावर आणखी वाकला. "तू? तू घरी नव्हतीस?"

"घरी असते तर लिफ्टमध्ये कशी असते? काय झालंय? बंद कशी पडली?"

"पडली नाही. मी बंद केली."

"चालती?"

"चालती."

मेकॅनिकची बायको ती. 'चालती'चा अर्थ तिला सांगावा लागला नाही. मामाने एका हाताने ब्रेक उघडा ठेवणारी दांडी दाबून धरली आणि दुसऱ्याने चाक फिरवायला घेतलं. काम दोघांचं, पण तो एकटा करायचा. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये लटकली होती.

"कुठे गेली होतीस?" त्याने विचारलं.

"सिनेमाला."

चाक थांबलं.

"शेवटचा दिवस म्हणून गेले. म्हटलं, एकदा बघावं कसं दिसतंय." मामीचा आवाज त्या अरुंद पोकळीतून घुमत वर येत होता. "तिकीटवाली बाई गप्पिष्ट आहे. म्हणाली, एक माणूस रोज यायचा, आजच आला नाही. खिशात हा एवढा स्क्रूड्रायव्हर. दुसऱ्याच दिवशी परत आला तो तेव्हापासून चुकला नाही. दाराशीच शेवटच्या रांगेत बसतो, जिन्यातलं गाणं आलं की डावा हात वर करतो, आणि गाणं संपलं की उठून चालायला लागतो. तिला वाटलं, डोक्याने जरा कमी असेल."

मामाने चाक पुन्हा फिरवायला घेतलं.

"तुम्हाला कळलं होतं," मामी म्हणाली.

"पहिल्याच ओळीला. 'नसताना'ला."

"मग आवाज स्वच्छ आलाय, मोटरची घरघर नाही, हे काय होतं?"

"घाबरलो होतो."

"कशाला?"

मामाने भोकाशी तोंड नेलं. समोर असती तर तो हे बोलला नसता. "तुझं एवढं सगळं माझ्यावाचून चाललं होतं, त्याला." मग जरा थांबून म्हणाला, "तू का नाही कधी सांगितलंस?"

"तुमचा हात वर असायचा."

ती हे रागाने म्हणाली नाही. म्हणून ते मामाला जास्त झोंबलं. त्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो चाकावर होता, ग्रीसने माखलेला. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"अहो, आहात ना?"

"आहे. अजून बरंच आहे. तू..." त्याने चाक थोडं पुढे ढकललं. "तू गाणं म्हण."

"इथे?"

"सगळे म्हणतात."

"ते परके असतात. त्यांना बरं सांगता तुम्ही, गाणं म्हणा."

"म्हणून आज तुला सांगतोय," मामा म्हणाला. "म्हण."

मामाने चाक आणखी वळसाभर फिरवलं. मग खालून एक छोटासा श्वास ऐकू आला, आणि आवाज आला. पडद्यावरच्यापेक्षा हळू, सुरुवातीला जरा अडखळलेला. तू नसताना भिंती गाती. ती शीळ जिथल्या तिथे होती. मामा चाक फिरवत होता, पण असं की घड्याळाच्या काट्यालाही कंटाळा यावा. दोर तसूतसूने सरकत होते. प्रत्येक मजल्यासाठी त्या दोरांवर त्याने स्वतः पिवळ्या रंगाची खूण केलेली होती. ती खूण भोकाच्या काठावरच्या रेषेवर आली की लिफ्ट मजल्याला लागली.

गच्चीच्या जिन्यावर पावलं वाजली. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर धापा टाकत दारात आले. "मामा, काय चाललंय काय? खाली माणसं खोळंबली..."

मामाने दांडी सोडून ब्रेक बसू दिला आणि डावा हात वर केला.

मास्तर गप्प झाले. त्यांनी कान दिला, आणि हळूच गच्चीच्या दाराशी पायरीवर बसले.

दुसरं कडवं झालं. गाणं थांबलं.

"झालं का हो?" खालून मामीने विचारलं.

पिवळी खूण केव्हाच रेषेवर आली होती.

"अजून थोडं आहे," मामा म्हणाला.

"खोटं बोलताय. मला समोर आपलं दार दिसतंय."

मामाने कान भोकाशी नेला. त्याने डोळे मिटले आणि जाळी सरकण्याचा आवाज येतो का ते ऐकत राहिला. जाळी सरकली नाही. मग तो छोटासा श्वास आला, आणि मामीने गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतलं.